पाठांतर न होणाऱ्यांची परीक्षा

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत आले; पण पाढे, शुद्धलेखन आणि क्रमाने लक्षात ठेवायच्या पायऱ्या ज्याच्या डोक्यात टिकत नाहीत, त्याला ‘ढ’ हाच शिक्का पुढे कित्येक दशके मिळत राहिला. हा त्या मुलांवर झालेला उघड अन्यायच होता.

महाराष्ट्रात अशा मुलांपैकी अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्या १९९६ पासून. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्राची मुभा, गणिताचा सोपा पर्याय, असे त्यांचे स्वरूप. पाढे न आठवणाऱ्या मुलाला गणकयंत्र मिळाले, की तपासली जाते ती त्याची गणिताची समज. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागे, आणि ते देणारी केंद्रे सुरुवातीला मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होती. कोल्हापूरहून हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. शिरोळ वा गगनबावड्याच्या पालकाला ते परवडणे कठीणच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता २१ प्रकारांत घेतली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवला. स्मरणातील अडचण हा मात्र कायद्यातील त्या २१ प्रकारांत स्वतंत्र प्रकार नाही.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षा राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागामार्फत होतात. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, म्हणून पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटावे.