हँडलाची उंची कोणी ठरवली?

खांदेश्वराचे देवालय आणि त्यालगतचा तलाव यांना आज नव्या पनवेलच्या वसाहतींनी व उपनगरी रेल्वेच्या स्थानकाने वेढून टाकले असले, तरी हा सारा टापू मूळचा पनवेल कसब्याच्या परिसरातला. आणि पनवेल हे एके काळी चाकांचे गाव होते, ही गोष्ट सेक्टरांच्या क्रमांकांनी आपला पत्ता सांगणाऱ्या सांप्रतच्या रहिवाशांस ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. या दोन सालांच्या दरम्यान मुंबईहून पुण्याकडे जाणारा उतारू आणि माल पनवेलच्या बंदरात उतरे व तेथून पुढे गाडीवाटेने घाट चढे. बंदराचे महत्त्व आगगाडीने हिरावून घेतले, पण गाड्यांची चाके घडवण्याचा येथील धंदा पुढेही बरीच वर्षे टिकून राहिला, आणि ती चाके विकत नेण्यास घाटावरचे गाडीवान येत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे.

बैलगाडीच्या चाकास गाडीवानाच्या देहयष्टीशी काही कर्तव्य नव्हते. धुरेवर बसणारा उंच असो की ठेंगू, बैलांस त्याचे सोयरसुतक नसे. सायकल हे असे पहिले सार्वत्रिक वाहन, की ज्यात स्वाराचे शरीर हाच यंत्राचा चालक भाग झाला, आणि म्हणून स्वाराचे हात किती उंचीवर टेकावेत हा प्रश्न प्रथमच उपस्थित झाला. उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीत तोही फारसा नव्हता, कारण तेथे हँडल चाकाच्या माथ्याशीच बसवलेले असल्यामुळे त्याची उंची चाकच ठरवून टाकीत असे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ले याने इंग्लंडात सारख्या बेताच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. त्यानंतरच्या सायकलींत हँडलाला स्वतंत्र मान मिळाली, आणि ती मान वर की खाली हा वादही सुरू झाला. हँडल अगदी खाली घेऊन, पाठ कमानीसारखी वाकवून रस्त्याने उधळणाऱ्या तरुणांवर विलायतेतील पत्रांनी टीकेची झोड उठवली, आणि सायकलस्वारांस जडणाऱ्या पाठीच्या पोकास काही मंडळींनी लॅटिन नावही देऊन टाकले. रोगाआधी नाव तयार ठेवण्याची ही हौस वैद्यकात नवी नाही.

मराठी मुलखात हे वाहन किती लवकर पोहोचले, याची साक्ष बेळगावात मिळते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांचा बेळगावातील सायकलींचा व्यवसाय १८८८ सालचा, म्हणजे रोव्हर अवतरल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी सुरू झालेला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकून गिऱ्हाइकांस चालवावयासही शिकवावे, असा हा क्रम होता. पुढे लोखंडी नांगर घडवणाऱ्या व किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या उद्योगाचा हा उगम सर्वश्रुत आहे. परंतु नवख्या गिऱ्हाइकाला सायकलीवर चढवणारा हा विक्रेता त्याचे हँडल आणि बैठक जुळवून देणाराही असणार, हे ओघानेच येते.

तथापि जी सायकल पुढे या देशात घरोघर गेली, तिच्यात जुळवून घेण्यास वाव थोडाच होता. अठ्ठावीस इंची चाकांची, काळ्या रंगाची, रॉडच्या ब्रेकची ती इंग्रजी बांधणी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे वरळीच्या हिंद सायकल्सने, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनपत व लुधियाना येथील कारखान्यांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. तिचे हँडल वर करण्याची कृती वरवर पाहता सोपी. मानेच्या माथ्यावरचा लांब बोल्ट पान्याने दोनचार फेरे सैल करावा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा बेताचा ठोका द्यावा, म्हणजे आत घट्ट बसलेला शंकूसारखा तुकडा, म्हणजे कोन, सुटतो आणि पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल वर ओढता येते; मात्र मानेची अडीचएक इंच नळी आत राहिलीच पाहिजे, नाहीतर भर उतारावर हँडल हातात येण्याचा धोका. परंतु खरी मेख ब्रेकमध्ये होती. रॉडचा ब्रेक ओढला की रबरी गुटके वर उचलले जाऊन रिमला आतल्या बाजूने घट्ट धरतात. हँडल इंचभर वर गेले की रॉडही इंचभर वर जाणार, आणि कोणी ब्रेक दाबला नसताना चाक जखडून बसणार. म्हणून हँडल उचलायचे तर आधी रॉडचे सांधे सैल करावे लागत, आणि मग पुढचा-मागचा ब्रेक नव्याने बसवावा लागे.

एवढा खटाटोप तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कशास करील? त्याच्या दुकानातील सर्व सायकलींची हँडले एकाच मापाने बसवलेली असत, आणि नगरपालिकेची चाकपट्टी भरून मिळालेला पितळी बिल्ला जसा सायकलीचा असे, स्वाराचा नसे, तशीच ही उंचीही सायकलीची असे. उंच माणसाने कोपर दुमडावे, मुलाने दांडीखालून पाय घालून एका अंगाने लोंबकळत चालवावे, हा दस्तूर पडला. टपालवाले आणि पोलीस शिपाई यांच्या सरकारी सायकलींचे हँडलही उंच व रुंद. आणि मला तर वाटते, की ताठ बसून संथ पायडल मारणाऱ्या त्या खाकी आकृतीने हुद्देदाराच्या रुबाबाची जी कल्पना रूढ केली, तिनेच मध्यमवर्गीय कारकुनालाही ताठ बसवले. पाठीच्या आरोग्याचा विचार त्यात कोणी केला असेल, असे मानण्यास आधार नाही.

याच्या उलट टोकाला शर्यतीचे स्वार होते. खांदेश्वराजवळून जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता हा त्या दोन शहरांमधील सायकल शर्यतीमुळेही प्रसिद्धीस आला, आणि घाटाची चढण सर्वांआधी पार करणाऱ्या स्वारास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळू लागला. त्यांच्या सायकलींची हँडले बैठकीहून खाली, शिंगांसारखी वळलेली असत. सपाटीवर वारा चुकवण्यास खालचे वळण आणि घाटात छाती मोकळी राहावी म्हणून वरची आडवी दांडी धरावी, अशी त्या हँडलांची योजना. म्हणजे या स्वारांनी उंचीचा प्रश्न पान्याने नव्हे, हात हलवून सोडवला होता. द्रुतगती मार्ग झाल्यावर त्यावर सायकलींस मज्जाव झाला, त्यामुळे पनवेलहून घाटाकडे जाणारी हौशी मंडळी आजही त्याच जुन्या रस्त्याने जातात.

त्यांच्या नव्या सायकलींत मात्र बोल्ट आणि कोन यांची ती जुनी मान उरलेली नाही. चिमट्याची नळीच वर येते, तिच्याभोवती कड्या घालून हँडल धरणारा तुकडा बाहेरून आवळलेला असतो. वरच्या कड्या खाली व खालच्या वर केल्या की थोडा फरक पडतो, तो तुकडा उलटा बसवला की आणखी थोडा. पण ती नळी दुकानात एकदा मापाने कापली गेली, की त्यापलीकडे हँडल उचलण्यास निराळा, अधिक चढा तुकडा विकत आणण्यावाचून गत्यंतर नसते. स्थानकाबाहेर अद्याप एखादी काळी सायकल साखळदंडाने बांधलेली दिसते. तिच्या हँडलाला दोन पाने, एक हातोडी आणि ब्रेकचे रॉड पुन्हा लावण्याची सवय असलेला कारागीर एवढे पुरते.