न सापडलेल्या बचतीचा रकाना

जमिनीखालच्या तेलाचा हिशेब मांडताना भूगर्भशास्त्रज्ञ एक चमत्कारिक रकाना ठेवतात: ‘अद्याप न सापडलेले’. 1972 साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे संचालक व्हिन्सेंट मॅकेल्वी यांनी खनिजांच्या मोजदादीसाठी एक चौकट मांडली. तिच्या एका अंगाला साठा असण्याची खात्री, दुसऱ्या अंगाला तो काढणं परवडेल की नाही याचा अदमास. कुणी पाहिलेलाच नाही अशा साठ्यालाही तिच्यात अधिकृत जागा होती. खडकाची जातकुळी ठाऊक असेल तर न खणलेल्या भागाचाही अंदाज बांधता येतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र.

वीजनियोजनाचे जुने अहवाल वाचताना मी बचतीसाठी असा रकाना शोधत गेलो. तो मिळाला नाही. रकानाच नसला की तिथे आपोआप शून्य धरलं जातं.

या शून्याला पहिला मोठा धक्का दिला तो अमोरी लोव्हिन्स यांनी. ऑक्टोबर 1976मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की 2000 सालापर्यंत अमेरिकेची ऊर्जेची गरज दुपटीच्या वर जाईल हे गृहीतच तपासायला हवं. त्यांची टिंगल झाली. प्रत्यक्षात 2000 सालचा वापर 1976च्या सुमारे 1.3 पटच निघाला. याचं सगळं श्रेय काटकसरीला देता येत नाही. तेलाचे भाव भडकले, कितीतरी कारखाने परदेशी गेले. आणि अपारंपरिक ऊर्जेबाबत लोव्हिन्स यांचा स्वतःचा अंदाज फारच उत्साही ठरला, हेही सांगायला हवं.

पण फ्रिजचं काय करायचं? एन्रिको फर्मींचे विद्यार्थी आर्थर रोझेनफेल्ड 1973च्या तेलटंचाईनंतर कणभौतिकी सोडून दिवे, खिडक्या आणि फ्रिज यांच्या मागे लागले. त्या सुमारास अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला सुमारे 1,800 युनिट खात असे. कॅलिफोर्नियाने मानकं लावली, 1987मध्ये देशभराचा कायदा आला, आणि 2001पर्यंत हा आकडा 500च्या आसपास उतरला. या काळात फ्रिज मोठा झाला आणि स्वस्तही. दर वेळी वाटे, आता काढण्यासारखं काही उरलं नाही. दर वेळी पुढच्या मानकात आणखी काही निघे.

आपल्याकडे हा प्रश्न मांडला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी यांनी. कर्नाटकाच्या सरकारी समितीने 2000 सालासाठी विजेची प्रचंड मागणी वर्तवली होती. रेड्डी आणि सहकाऱ्यांनी 1991मध्ये उलट बाजूने हिशेब केला: माणसाला युनिटं नकोत, उजेड हवा, गरम पाणी हवं, शेतात पाणी हवं. साध्या बल्बऐवजी सीएफएल, विजेच्या गिझरऐवजी सौर बंब, शेतीपंपांची दुरुस्ती, असं एकेक जोडत ते समितीच्या आकड्याच्या सुमारे 38 टक्के विजेवर येऊन थांबले. गरिबांच्या घरची नवी जोडणीही त्यात धरलेली होती. मला या कामाचं मोल वाटतं ते याच्यासाठी.

तरीही रेड्डींच्या यादीत होतं ते फक्त दुकानात मिळणारं. एलईडीचा दिवा तिच्यात नव्हता, असणं शक्यही नव्हतं. शुजी नाकामुरा यांचा झगझगीत निळा एलईडी 1993मध्ये आला, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. भारत सरकारच्या घाऊक खरेदीत 2014मध्ये 310 रुपयांना पडलेला बल्ब 2016मध्ये 38 रुपयांवर आला. 60 वॉटच्या जागी नऊ वॉट! काटकसरीचा सर्वांत धाडसी हिशेबसुद्धा अपुरा पडला, तो असा.

यावर अभियंते म्हणतात, कल्पनेतल्या बचतीवर शहर चालत नाही. आक्षेप खरा आहे. खडकातलं तेल कुणी न काढता तिथेच पडून राहतं. बचत मात्र मानक, संशोधन, खरेदी यांच्यावाचून जन्मालाच येत नाही. ती गृहीत धरून वीजकेंद्रं बांधली नाहीत आणि बचत आलीच नाही, तर अंधार कुणाच्या वाट्याला येतो हे बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलेल्या आपल्या खेड्यांना विचारावं. पण शून्य धरण्याचीही किंमत असते. ती कोयनेच्या धरणग्रस्तांनी दिली तशी जमिनीत मोजली जाते, किंवा दाभोळसारखी, न परवडणाऱ्या विजेच्या करारात. म्हणून मला वाटतं, हा रकाना भरताना एकच आकडा लिहू नये. मागच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या याद्या किती वेळा आणि किती अपुऱ्या पडल्या, त्यावरून एक पट्टा काढावा. तेल शोधणारेही जुन्या विहिरींच्या नोंदींवरूनच तसं करतात.

पुण्याच्या ‘प्रयास’चे गिरीश संत यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, एलईडीच्या लाटेआधीच, अतिकार्यक्षम उपकरणांच्या कार्यक्रमाचा आग्रह धरला होता. त्यासाठी पहिलं उपकरण निवडलं गेलं ते छताचा पंखा. 75 वॉटचा पंखा निम्म्याहून कमी विजेत तेवढाच वारा देऊ शकतो, हे तेव्हाच माहीत होतं. संत 2012मध्ये गेले. पंख्यांवर तारांकन सक्तीचं झालं ते जानेवारी 2023पासून.