ठकी

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, म्हणून गेल्या महिन्यात घाटकोपरचं घर आवरायला काढलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या साड्यांखाली, ठकी सापडली. वीतभर उंच, एकाच लाकडातली, नाकाचा रंग उडालेला. डोक्याला दातांच्या खुणा. (संशयित दोघेच, आणि दोघेही हे वाचणार आहेत!)

ठकी आजीच्या माहेरची, सावंतवाडीची. तिथली चितारआळी म्हणजे लाकडी खेळण्यांचा बाजार. सावंत-भोसल्यांच्या आश्रयाने चिताऱ्यांची ही कला वाढली. खेळण्यांना लाकूड पांगाऱ्याचं; हलकं, मऊ, हत्याराला न अडणारं. त्यातून फळं, भातुकली, चौरंग आणि ठकी. त्याच हातांनी दशावतारी गंजिफाही रंगवायची, दहा अवतारांची बारा-बारा पानं, एकूण 120. पुढे पत्ते छापील आले, खेळणी प्लॅस्टिकची आली आणि गिऱ्हाईक आटलं. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चिताऱ्यांकडून गंजिफा शिकून राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ती टिकली. ठकीसाठी मात्र कुणी राजवाडा उघडला नव्हता. ती पोरींच्या हातातच झिजत राहिली.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अमेरिकेतल्या भाचीने उत्तरादाखल ॲरिझोनात पाहिलेल्या होपी लोकांच्या काचिना बाहुलीचा फोटो पाठवला. मग काय, दोन रात्री वाचतच बसलो.

काचिना म्हणजे होपींचे पाऊस आणणारे आत्मे. हिवाळ्यात ते गावात येतात आणि जुलैच्या सुमारास निरोप घेऊन डोंगरात परततात. आपल्या गौरींसारखंच, फक्त मुक्काम अर्ध्या वर्षाचा. काचिनांचं रूप घेऊन नाचणारे पुरुष मुलींना बाहुल्या देतात. त्या कोरायच्या कॉटनवुडच्या मुळापासून, म्हणजे पाणी शोधत जाणाऱ्या झाडाच्या! ते लाकूडही पांगाऱ्यासारखं हलकं. तान्हीची पहिली बाहुली चपटी, साधी असते. ही मूर्ती नाही, पूजेची नाही, पण नुसतं खेळणंही नाही. भिंतीवर टांगायची, आणि मुलीने बघत बघत एकेका काचिनाला ओळखायला शिकायचं. बाहेरच्या लोकांनी मात्र त्या विकत घेऊन कपाटं सजवली.

इथे आमच्याकडे वाद पेटला. मोठा भाऊ म्हणतो, ठकीला नवा रंग देऊन शोकेसमध्ये ठेवूया, ॲंटिक आहे. त्याचं अगदीच चूक नाही. एवढी जुनी ठकी पुन्हा मिळायची नाही. पण मला आजी आठवली. लहानपणी आत्याने ठकी कपाटात बंद केली तेव्हा ती म्हणाली होती, "खेळाक दिलेली ती, कपाटात कित्याक?"

ठकी काही शिकवत नव्हती, तिच्यामागे पावसाचा देव नव्हता, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. तिला न्हाऊमाखू घालून, पदर लावून, झोपवून आजीपासून आत्यापर्यंत सगळ्या काहीतरी शिकल्याच. त्यातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. आम्हा मुलग्यांच्या हातात ती कुणी दिली नाही. आम्ही चावलो ते चोरून!

भाचीची तीन वर्षांची लेक डिसेंबरात येतेय. मी ठकी ओल्या फडक्याने पुसून खालच्या फळीवर ठेवली आहे, तिचा हात पोचेल अशी. भावाने आणलेला रंगाचा डबा अजून उघडलेला नाही.