थांबलेल्या पैशाची ओळख

चिखलीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपला लोखंडी रॅकची ऑर्डर मिळाली असे समजा. ग्राहकाने पेमेंट लिंकवर कार्डाने चाळीस हजार भरले. मोबाइलवर हिरवी खूण उमटली. आता पत्रा आणायचा आहे, वेल्डरची हजेरी द्यायची आहे. पण पैसे खात्यात नाहीत. पडद्यावर एकच शब्द : होल्ड. आमच्या भागातल्या कारखानदाराची झोप उडवणारा हा शब्द वाचकांनी नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी पुढची पाने लिहिली आहेत.

आधी हे पैसे असतात कुठे, ते पाहू. ग्राहकाचे पैसे घेऊन ते व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना 2009मध्ये रिझर्व्ह बँकेने वेगळे नोडल खाते ठेवायला लावले. मार्च 2020च्या सूचनांनी बिगर-बँक कंपन्यांसाठी एस्क्रो खाते आणले. कंपनीला ते पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत. त्याच सूचनांत दिवस मोजण्याची रीतही होती. माल पोचवण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची असेल, तर मोजणी ग्राहकाने पैसे भरल्यापासून होत नसे. माल पोचल्याचे व्यापाऱ्याने कळवले की तिथून एका दिवसात रक्कम द्यायची. तुमचा अर्धा गोंधळ या एका गोष्टीने सुटेल.

उरलेला अर्धा चार्जबॅकचा. 'माल आलाच नाही' असे ग्राहकाने आपल्या बँकेला कळवले, की रक्कम मागे खेचली जाऊ शकते. कार्डाच्या बऱ्याच तक्रारींना 120 दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर व्यापाऱ्याने दुकान गुंडाळले, तर भुर्दंड मध्यस्थावर येतो. म्हणून नवे खाते, अचानक आलेली मोठी रक्कम, महिनाभर आधी घेतलेला ॲडव्हान्स किंवा नोंद लेथकामाची आणि विक्री मोबाइलची, असे काही दिसले की कंपनी हात आखडता घेते. पत्त्याचेही तसेच. फेब्रुवारी 2025मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीलगतच्या कुदळवाडीतली शेड आणि गोदामे पाडली, आणि अनेकांना जागा बदलावी लागली. कागदोपत्री जुनाच पत्ता राहिला, तर केवायसी पडताळणी अडते.

पोलिसांच्या आदेशाने गोठलेले खाते हा निराळा विषय आहे. त्याची गल्लत इथे करू नका.

सावधगिरी मला मान्य आहे. मात्र कारण आणि मुदत न सांगता लहान माणसाचे भांडवल अडवणे अन्यायाचेच आहे, आणि ही दोन्ही लेखी मागण्याचा संकोच कोणी करू नये.

वाचकहो, पुढचे पान उलटण्याआधी कंपनीशी झालेला तुमचा करार काढा आणि त्यातले 'सेटलमेंट'चे कलम शोधून खूण करून ठेवा.