ईमेलमधील पत्ता-सूचना : कालबाह्य नोंदींची दुरुस्ती

ईमेलच्या ‘प्रति’ रकान्यात नावाची पहिली एक-दोन अक्षरे टंकताच प्रोग्राम जे पत्ते पुढे करतो, त्यांना पत्ता-सूचना किंवा रूढ शब्दात ऑटो-कम्प्लीट म्हणतात. वापरकर्त्याने पूर्वी ज्यांना पत्रे पाठवली त्यांच्या पत्त्यांची एक यादी प्रोग्राम आपोआप साठवत असतो आणि बहुतेक सूचना तिच्यातूनच येतात. वापरकर्त्याने स्वतः नोंदवलेल्या नाव-पत्त्यांच्या संपर्कसूचीपासून ही यादी सहसा वेगळी असते. त्यामुळे संपर्कसूचीत नवा पत्ता घातल्यावरही टंकताना जुनाच पत्ता वर येत राहतो. यादी सवयीची नोंद ठेवते आणि पत्ता आज चालू आहे की नाही हे ती तपासत नाही, हे लक्षात घेतल्यास या तक्रारीचा उलगडा होतो.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये २००७ च्या आवृत्तीपर्यंत ही यादी संगणकावरच ‘एनके२’ या विस्तारनामाच्या फाइलमध्ये असे आणि संगणक बदलला की ती मागे राहत असे. २०१० च्या आवृत्तीपासून एक्स्चेंज या टपालसर्व्हरवरील खात्यांची यादी टपालपेटीतच एका अदृश्य संदेशाच्या रूपात ठेवली जाऊ लागली. यादी खात्याबरोबर फिरू लागली, आणि अर्थातच तिच्यातील चुकाही.

एक्स्चेंज वापरणाऱ्या संस्थांमध्ये या दोषाचे एक फसवे रूप आढळते. संस्थेतल्या संस्थेत पत्र पाठवताना यादीत जो पत्ता साठतो तो डोळ्यांना दिसणारा ईमेल पत्ता नसून निर्देशिकेतील अंतर्गत ओळख असते, ती एक्स.५०० या मानकाच्या धर्तीवर, तिरप्या रेघांनी जोडलेल्या घटकांची लांबलचक ओळ असते. कर्मचारी सोडून जाऊन परत रुजू झाला आणि त्याची टपालपेटी नव्याने उघडली, किंवा सगळी संस्थाच एका यंत्रणेवरून दुसऱ्या यंत्रणेवर गेली, तर नाव आणि ईमेल पत्ता तोच राहूनही ही अंतर्गत ओळख बदलते. परिणामी बाहेरच्या लोकांची पत्रे बिनबोभाट पोहोचतात, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे पत्र मात्र परत येते, आणि दिसणाऱ्या पत्त्यात काहीच चूक नसल्याने पाठवणारा चक्रावतो. परतीच्या सूचनेत ‘आयएमसीईएईएक्स’ या अक्षरांनी सुरू होणारी एक दुर्बोध ओळ असते; तिच्यात तिरप्या रेघेच्या जागी अधोरेषा आणि मोकळ्या जागेच्या जागी अधिक-चिन्ह व २० हा आकडा घातलेला असतो. ही ओळ उलगडून मिळणारी जुनी ओळख प्रशासकाने नव्या टपालपेटीला एक्स.५०० प्रकारचा पर्यायी पत्ता म्हणून जोडली, की सर्वांच्या जुन्या नोंदी न पुसताही पत्रे पुन्हा पोहोचू लागतात. प्रत्येक कर्मचाऱ्याला आपापली यादी साफ करायला सांगण्यापेक्षा हा उपाय केव्हाही सरस.

वैयक्तिक पातळीवरची दुरुस्ती सोपी आहे. आउटलुकमध्ये सूचनेवर बाणाच्या कळीने जाऊन डिलीट दाबले किंवा तिच्या कडेची फुली टिचकवली की तेवढीच नोंद जाते; संपूर्ण यादी रिकामी करण्याचे बटणही पर्यायांच्या खिडकीत आहे, पण एका नोंदीसाठी उपयोगाच्या शेकडो नोंदी घालवण्यात अर्थ नाही. ॲपल मेलमध्ये ‘विंडो’ मेनूतील ‘प्रीव्हियस रेसिपियंट्स’ ही यादी उघडून नोंद काढता येते. थंडरबर्डमध्ये आपोआप जमणारे पत्ते ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ या स्वतंत्र वहीत जातात, आणि जीमेलमध्ये संपर्कांच्या ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या विभागात. तेथून ते खोडावे लागतात. नवे पत्ते आपोआप जमा होणे थांबवण्याची सोय या दोन्ही ठिकाणी आहे.

पत्ता बदलल्याची वर्दी देण्याची तरतूद ईमेलच्या मूळ नियमांत नव्हती असे नाही. ईमेलची ने-आण ठरवणाऱ्या एसएमटीपी या संकेतप्रणालीच्या १९८२ च्या मसुद्यातच, म्हणजे आरएफसी ८२१ मध्ये, ‘हा वापरकर्ता येथे नाही, अमुक पत्त्यावर पाठवा’ असे सांगणारे ५५१ क्रमांकाचे उत्तर नमूद आहे. परंतु असे उत्तर देणे म्हणजे कोणाही परक्याला एखाद्याचा नवा ठावठिकाणा सांगणे, म्हणून व्यवहारात ते क्वचितच वापरले जाते. सर्व्हर ५५० या क्रमांकाने केवळ नकार कळवतो. हा नकार आल्यावर संबंधित सूचना मागे घेणे प्रोग्रामला अवघड नसावे. तरी ते काम सर्वसाधारणपणे वापरकर्त्यावरच सोडलेले असते.

परत आलेले पत्र निदान चूक उघड करते. चुकीच्या जागी पोहोचलेले पत्र तेवढेही करत नाही. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली खातेनावे नव्या लोकांना देण्याचे जाहीर केले, तेव्हा जुना पत्ता एखाद्या अनोळखी माणसाचा होण्याची शक्यता निर्माण झाली. निव्वळ सूचनेवर विसंबल्याने काय होऊ शकते हे नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसले. ब्रिस्बेन येथील जी-२० परिषदेला येणाऱ्या ३१ नेत्यांची जन्मतारीख, पारपत्र क्रमांक आणि व्हिसाचा तपशील देशांतर विभागातील एका कर्मचाऱ्याकडून आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे गेला, कारण आउटलुकने भरलेला पत्ता पाठवण्यापूर्वी तपासला गेला नव्हता. या नेत्यांत बराक ओबामा, व्लादिमीर पुतिन आणि नरेंद्र मोदी यांचा समावेश होता. तेथे पत्ता जुना नव्हता, माणूसच दुसरा होता. पत्र संस्थेबाहेर जात असल्याचा इशारा पाठवण्यापूर्वीच देणारी ‘मेलटिप्स’ ही सोय एक्स्चेंजमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आहे, मात्र बाहेरच्या पत्त्यांसाठीचा हा इशारा प्रशासकाने मुद्दाम चालू करावा लागतो.