रुग्ण बालक आणि त्याची आई

लंडन शहरीं १८५२ च्या फेब्रुवारींत डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीनें ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें केवळ मुलांकरितां १० खाटांचें रुग्णालय निघालें. दोनच वर्षांनीं त्यांनीं आजारी मुलांच्या शुश्रूषेवर पुस्तकहि लिहिलें.

पुढें मात्र इंग्लंडांतील पुष्कळ रुग्णालयांनीं आईबापांच्या भेटी ठरलेल्या थोड्या तासांपुरत्या आखून दिल्या. संसर्गाचें भय हें एक कारण. दुसरें असें कीं, आई भेटून परतली म्हणजे मूल आकांत करी, न भेटल्यास निमूट पडून राही. हा निमूटपणा मूल रुळल्याचें चिन्ह समजला गेला. जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयवासाचा चित्रपट काढला, आणि असा निमूटपणा म्हणजे गिळलेलें दुःख होय, हें डॉक्टरांपुढें मांडलें. १९५९ सालीं प्लॅट समितीनें भेटींवरील बंधनें काढावीं व आईस मुलाजवळ राहूं द्यावें, अशी शिफारस केली. ती सर्वत्र अंमलांत येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

आम्हांस यांतील बोध असा वाटतो कीं, मुलाचें रडणें हा शिस्तीचा भंग नव्हे. तापाप्रमाणें तेंहि एक लक्षणच आहे, आणि तें ओळखणें हा शुश्रूषेचाच भाग होय.