पाऊस, माळढोक आणि विजेच्या तारा

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राशी त्यांचा तोवर फारसा संबंध नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि मान्सून कसा राहील हे आधी कळणे ही सरकारची निकड होती. वॉकरांनी जगभरच्या केंद्रांवरील वायुदाब, पाऊस आणि तापमान यांच्या नोंदी जमवल्या, आकडेमोडीला कारकून बसवले आणि कशाचा कशाशी मेळ बसतो हे संख्याशास्त्राने तपासत गेले. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, हा झोका त्यातून हाती लागला. मान्सूनचा भरवशाचा अंदाज मात्र त्यांना साधला नाही. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला फार पूर्वीपासून ओळखत होते, त्या एल निनोशी, म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी, हा झोका कसा जोडलेला आहे, हे हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडले. आज मराठवाड्यातला शेतकरी पेरणीआधी एल निनोची चौकशी करतो, ती या सगळ्यांच्या कष्टांवर उभी आहे.

हवामानबदलाचे ज्ञान पहिल्यापासून असेच शाखांची कुंपणे ओलांडत आले. वाढते तापमान आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा संबंध १९३८ मध्ये नोंदींच्या आधारे मांडणारे गाय कॅलेंडर वाफेवरच्या यंत्रांचे अभियंते होते. या विषयावरच्या कामासाठी २००७ मध्ये शांततेचे, २०१८ मध्ये अर्थशास्त्राचे आणि २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले.

तरीही विषयाची खरी अवघड जागा पाहायची तर माळढोकाच्या खटल्याकडे वळावे लागते. माळढोक हा अंगाने जड पक्षी. उडताना समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही, म्हणून तो उच्चदाबाच्या तारांवर आदळून मरतो. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तो आता क्वचितच दिसतो. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. ऊन आणि मोकळी जमीन भरपूर असल्याने सौरप्रकल्पही तिथेच आले. वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, शक्य तिथे तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या प्रदेशात उच्चदाबाची वाहिनी गाडणे व्यवहार्य नाही, असे सरकारने सांगितले. २०२४ मध्ये न्यायालयाने आदेश बदलला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून त्याने मान्य केला.

हा निकाल मुळातून वाचा. पक्ष्याच्या दृष्टीचा प्रश्न जीवशास्त्राचा, तारेचा विद्युत अभियांत्रिकीचा, खर्चाचा अर्थशास्त्राचा, हक्काचा कायद्याचा. शिवाय त्या भागात देवाच्या नावाने राखलेली राने, म्हणजे ओरणे, आहेत, त्यांवर गुरे चारणारी माणसे आहेत. त्यांचे म्हणणे समजायला समाजशास्त्र लागते. कोळसा कमी जाळायचा तर सौरवीज हवी, आणि माळढोक तर गेला की परत येणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अशा ठिकाणी एका शाखेचा माणूस, कितीही हुशार असला तरी, अर्धाच निर्णय देऊ शकतो. मला हवामानबदल हा पदवीचा मुख्य विषय व्हावासा वाटतो तो यासाठी. सर्वांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर आवश्यक आहेच, पण त्याने ही तयारी होत नाही.

एक धोका मात्र आताच सांगितला पाहिजे. सगळ्यातले थोडेथोडे शिकून कशातच न मुरणे, हा अशा अभ्यासक्रमांचा जुना आजार आहे. वॉकरांना झोका सापडला, कारण त्यांचे गणित पक्के होते. म्हणून एक शाखा निवडा आणि तिच्यात खोल उतरा. मग शेजारच्या शाखेतला माणूस पुरावा कशाला म्हणतो, हे त्याच्याकडून शिका. कला शाखेतून आला असाल तर संख्याशास्त्र टाळू नका; विज्ञानातून आला असाल तर दुष्काळांचा इतिहास आणि जमिनीचे कायदे वाचा. पहिल्याच सत्रात ज्याची सर्वांत धास्ती वाटते तो विषय घ्या, आणि अडलात तर त्या विभागाच्या प्राध्यापकांना निःसंकोच गाठा.